घरच्यांसाठी लावलेले कुलूप

चोरासाठी लावलेले कुलूप आणि घरच्यांसाठी लावलेले कुलूप ही दोन्ही एकाच दुकानात, एकाच किमतीला मिळत असली तरी त्यांची जात एक नव्हे. पहिल्या कुलपाच्या एका अंगाला सारे घर असते व दुसऱ्या अंगाला चोर. त्यात रुसण्याफुगण्याला जागा नाही. दुसरे कुलूप मात्र घराच्या मध्यावरच येऊन बसते. ते लावणारा आणि ते ज्यांच्यासाठी लावले ते, असे दोघेही रात्री एकाच पंगतीला जेवायला बसतात, आणि आमटी वाढता वाढता कोणीतरी हळूच विचारते, "काय रे, तुझ्या काँप्यूटरला हल्ली कुलूप असतं म्हणे?" या 'म्हणे'मध्ये जे काही भरलेले असते त्याचा इतिहास लिहावा असे पुष्कळ दिवस मनात होते. दिवाळीच्या अंकाला विषय थोडा चमत्कारिक वाटेल. पण ज्या घरांत फराळाचे डबे नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत माळ्यावर चढवून ठेवतात त्या घरांतील वाचकांना तो अगदीच परका वाटू नये.

आपल्या जुन्या घरांत 'माझे' म्हणावे असे एकेकाच्या वाट्याला फारच थोडे येई. खोली तर नाहीच. एखादा कोनाडा, फार तर फडताळाचा एक खण. कोठीच्या खोलीला मात्र कुलूप असे आणि त्याच्या किल्लीचा जुडगा घरातल्या वडील बाईच्या कमरेला. हे कुलूप उघड उघड घरच्यांसाठीच होते. तूप, गूळ, वर्षाची बेगमी ही चोराने पळवण्याची वस्तू नव्हे; ती सुनांनी आणि नातवंडांनी हात घालण्याची वस्तू. शिंके मांजरासाठी टांगलेले असते असे सांगत, पण नातवंडांची उंची वाढली की त्याची दोरी आखूड होई, हे सगळ्यांना ठाऊक असून कोणी बोलत नसे. मनुस्मृतीने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगून ठेवले आहेत. शास्त्राने ते धन बाईचे खरे, पण ते ज्या पेटीत असे ती पेटी माजघरात सर्वांच्या नजरेखाली, आणि पेटीतील माहेरची पत्रे शास्त्राच्या कोणत्याच प्रकारात बसत नव्हती. ती कोणी वाचली तर दाद कोणाकडे मागावयाची?

ही अडचण केवळ आपल्या वाड्यांचीच होती असे मानण्याचे कारण नाही. लंडनच्या सॅम्युएल पेपीसची रोजनिशी जगप्रसिद्ध आहे. १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ अशी जवळजवळ साडेनऊ वर्षे या सरकारी अधिकाऱ्याने ती लिहिली, आणि ती सगळी शेल्टन नावाच्या गृहस्थाने रचलेल्या लघुलिपीत लिहिली. जिथे स्वतःच्या प्रेमप्रकरणांचा मजकूर यावयाचा तिथे त्याने लघुलिपीच्या जोडीला स्पॅनिश, फ्रेंच असल्या परभाषांतले शब्दही पेरले. हे कुलूप कोणासाठी होते हे सांगावयास नको. पेपीसच्या पत्नीचे नाव एलिझाबेथ. तिने एकदा आपल्या एकाकी, कंटाळवाण्या आयुष्याची कैफियत नवऱ्याला लिहून दिली. ती त्याने न वाचताच जाळून टाकली. बाई हुशार. तिने नक्कल ठेवली होती. ९ जानेवारी १६६३ रोजी तिने आपल्या कागदांचे बाड काढून ती नक्कल नवऱ्याला वाचून दाखवली. पेपीसला राग आला, आणि रागाचे कारण त्याने आपल्या रोजनिशीत प्रांजळपणे नमूद केले आहे: मजकूर बराचसा खरा होता, आणि तो साध्या इंग्रजीत असल्यामुळे कोणाच्याही हाती लागला असता तर वाचता आला असता! त्याने तो कागद तिच्या हातून हिसकावून फाडला. मग तिचे सगळे बाड घेऊन, ती रडत विनवीत असता, एकेक कागद तिच्या डोळ्यांदेखत फाडून टाकला. त्यांत त्याची स्वतःची जुनी प्रेमपत्रेही होती.

नवऱ्याच्या कुलपाला लघुलिपीची किल्ली होती, बायकोच्या कागदांना काहीच नव्हते. म्हणून त्याच्या सहा वह्या केंब्रिजच्या मॉड्लिन कॉलेजात आजही सुरक्षित आहेत आणि तिच्या कैफियतीचा एक तुकडाही उरलेला नाही. पुढे १८१९ सालापासून तीन वर्षे खपून जॉन स्मिथ नावाच्या तरुणाने ती लिपी उलगडली. त्या लघुलिपीचे पाठ्यपुस्तक पेपीसच्याच ग्रंथसंग्रहात, त्याच इमारतीत, ठेवलेले होते. बिचाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. कुलपाची किल्ली कुलपाजवळच ठेवण्याची खोड अशी जुनी आहे.

आपल्याकडे अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपे करण्यास आरंभ केला, आणि कालांतराने मध्यमवर्गीय घरात लोखंडी कपाट आले. त्याच्या आत आणखी एक कुलपाचा खण, त्याही आत एक चोरकप्पा. बंदोबस्त असा चोख; आणि किल्ली कपाटाच्याच डोक्यावर, पसरलेल्या वर्तमानपत्राखाली. घरातल्या प्रत्येकाला ती जागा ठाऊक. यात मूर्खपणा आहे असे मला वाटत नाही. त्या कुलपाचा अर्थ 'उघडता येणार नाही' असा नव्हताच. 'विचारल्यावाचून उघडू नये' असा होता. घरातील बहुतेक कुलपे अशी विनंतीवजा असत, आणि बहुतेक दिवस ती विनंती पाळली जाई.

टेलिफोन आला तेव्हा ही विनंती पहिल्यांदा धाब्यावर बसली. लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये २५ नोव्हेंबर १९६० रोजी देशातील पहिली एस. टी. डी. सेवा सुरू झाली, पुढे ती गावोगाव पसरली आणि बिलाचे आकडे पाहून कुटुंबप्रमुखांची झोप उडू लागली. मग तबकडीच्या भोकात अडकवावयाचे एक चिमुकले कुलूप बाजारात आले. ते लावले की तबकडी फिरत नसे. परंतु तबकडी फिरवून तरी काय होते? ठराविक वेळा वीजप्रवाह तुटतो, इतकेच. रिसीव्हर ठेवण्याची खुंटी तितक्याच वेळा भराभर दाबली तरी प्रवाह तुटतोच, आणि नंबर लागतो. ही विद्या कोणत्या शाळेत शिकवीत होते न कळे, पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना ती हटकून अवगत असे. कुलूप तबकडीवर जसेच्या तसे, आणि बिल मात्र वाढलेले.

आता संगणकाकडे वळू. त्याच्या कुलपाला आपण मराठीत 'परवलीचा शब्द' म्हणतो. नाव लष्करी छावणीतले आहे. रोमन सैन्यात रात्रीचा संकेतशब्द लाकडी फळीवर लिहून तुकडीतुकडीतून कसा फिरवीत आणि अंधार पडण्यापूर्वी ती फळी अधिकाऱ्याकडे परत कशी येई, याचे वर्णन पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने केले आहे. या परवलीचे मर्म असे की ती सर्वांची एकच असे. 'कोण आहे?' या आरोळीला 'मी आपल्यातलाच' एवढेच उत्तर तिने मिळे. संगणकाने शब्द तोच उचलला आणि अर्थ नेमका उलटा केला. संगणकाची परवल 'मी आपल्यातला' असे म्हणत नाही. 'मी म्हणजे मीच, आपल्यातला दुसरा कोणी नव्हे' असे म्हणते. घर ही तर एकाच परवलीवर चालणारी छावणी. तिथे हा नवा अर्थ रुचावा कसा?

हा उलट अर्थ जन्माला आला तो घरात नव्हे, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत. तोपर्यंत संगणकाला वेगळ्या कुलपाची गरजच नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेला 'टिफ्रॅक' घ्या किंवा परदेशातले त्याचे भाईबंद घ्या, यंत्र खोलीएवढे असे आणि खोलीच्या दाराला कुलूप घातले की काम भागे. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एक नवीच व्यवस्था दाखवली. एकाच यंत्राला अनेक टंकलेखक जोडलेले. यंत्र क्षणभर याचे काम करी, क्षणभर त्याचे. आणि ते इतक्या चपळाईने की प्रत्येकाला वाटावे, यंत्र आपलेच आहे. एका गवळणीने अनेक घरांचा रतीब घालावा तसा हा प्रकार. आता प्रत्येकाचे कागद एकाच यंत्राच्या पोटात राहू लागले, आणि ते वेगळे ठेवण्यासाठी कॉर्बाटोंनी प्रत्येकाला एकेक गुप्त शब्द दिला. संगणकावरची परवल सुरू झाली ती अशी. तीत फारशी गहन विद्या नव्हती. भाड्याच्या चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाच्या दाराला कडी बसवावी इतकी ती साधी गोष्ट होती.

ही कडी जेमतेम वर्षभरही टिकली नाही, आणि ती काढणारा बाहेरचा चोर नव्हता. ॲलन शेर नावाचा एक संशोधक विद्यार्थी तिथे पीएच. डी. करीत होता. त्याला आठवड्याला यंत्राचे चारच तास मिळत, आणि ते पुरत नसत. १९६२ च्या वसंतात त्याच्या लक्षात आले की भोके पाडलेले एक कार्ड देऊन कोणतीही फाईल छापून मागवता येते. मग परवलीच्या शब्दांची फाईलच का मागवू नये? शुक्रवारी रात्री उशिरा त्याने कार्ड टाकले आणि शनिवारी सकाळी जाऊन, छापील कागद जिथे ठेवीत तिथून सगळ्यांचे परवलीचे शब्द उचलून आणले. एवढ्यावर गप्प बसता तर कदाचित कोणाला कळलेही नसते. पण पापात वाटेकरी हवा म्हणून त्याने यादी आणखी काहीजणांना दिली. त्यांपैकी एक होते जे. सी. आर. लिक्लायडर, जे पुढे संगणकांच्या जाळ्याच्या कल्पनेचे एक जनक म्हणून मान्यता पावले. हे विद्वान गृहस्थ प्रयोगशाळेचे संचालक रॉबर्ट फानो यांच्या नावाने आत शिरून त्यांना टोमणे मारणारे निरोप ठेवू लागले! शेर यांनी हा अपराध कबूल केला तो सुमारे पंचवीस वर्षांनी.

पुढे त्याच दशकाच्या मध्यास एका दुपारी याहून मजेचा प्रकार घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करावयास बसले. एकाच्या हाती सर्वांना दाखवावयाची दिवसाची सूचना, दुसऱ्याच्या हाती परवलीच्या शब्दांची यादी. दोघांची कच्ची प्रत यंत्र एकाच नावाने ठेवीत होते. एका चुलीवर दोन सुगरणी बसल्यावर जे व्हावयाचे ते झाले. सूचनेच्या जागी यादी गेली, आणि त्यानंतर जो जो आत आला त्याच्या टंकलेखकावर सगळ्या वसाहतीच्या किल्ल्या कडकडा उमटू लागल्या. हा किस्सा कॉर्बाटोंनी स्वतःच आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात सांगितला आहे. म्हातारपणी, २०१४ साली, तर त्यांनी परवलीचे शब्द ही आता एक डोकेदुखी होऊन बसली आहे असे बोलून दाखवले. २०१९ मध्ये ते वारले.

यादीच चोरीला जाते तर यादी ठेवूच नये, ही युक्ती इंग्लंडात केंब्रिजला रॉजर नीडम यांना सुचली आणि नंतर अमेरिकेत युनिक्स या यंत्रप्रणालीने ती रूढ केली. युक्ती समजावयास आपल्या जात्याकडे पाहावे. गव्हाचे पीठ होते, पिठाचे गहू होत नाहीत. यंत्राने शब्द साठवावयाचाच नाही. त्याचे पीठ साठवावयाचे. दारात आलेल्याने शब्द सांगितला की तो दळून पाहावयाचा आणि पीठ जुळले तर आत घ्यावयाचे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली यावर जो लेख लिहिला त्यात दळताना चिमूटभर मीठ घालण्याचीही सोय सांगितली आहे. त्याला त्यांनी खरोखरच 'मीठ' हाच शब्द वापरला. मिठाच्या ४,०९६ तऱ्हा. म्हणजे दोघांनी एकच शब्द निवडला तरी दोघांचे पीठ सहसा सारखे दिसावयाचे नाही.

पण त्या लेखातला माझा आवडता भाग दुसराच आहे. लेखकांनी खऱ्याखुऱ्या माणसांचे ३,२८९ परवलीचे शब्द गोळा केले. त्यांतले १५ शब्द एकाच अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे. बाकीच्यांतही कोशातले शब्द आणि नावे यांचीच गर्दी. एकंदर २,८३१ शब्द, म्हणजे शंभरातले ८६, सहज हुडकण्याजोगे निघाले. संगणकाच्या त्या काळच्या जाणकारांची ही कथा, मग घरच्यांची काय असावी? आमच्याकडे तर धाकट्याचे नाव, त्याच्यापुढे जन्मसाल, आणि फारच सावधपणा असला तर शेवटी एक उद्गारचिन्ह. शिवाय शब्द विसरला तर यंत्र विचारते, आईचे माहेरचे नाव काय? परक्या चोराला या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागेल. घरात ते मामाचे आडनाव असते, आणि मामा तर भाऊबीजेला येऊन गेलेला असतो. त्यातून ज्या घरांत लग्नात तांदळावर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहीत, तिथे नाव म्हणजे नेमके कोणते, हाही एक प्रश्नच.

घरगुती संगणक १९७७ च्या सुमारास बाजारात आले आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी आय. बी. एम. ने आपला 'पर्सनल कॉंप्यूटर' जाहीर केला. पर्सनल म्हणजे वैयक्तिक. नाव वैयक्तिक, पण यंत्राला व्यक्तीची ओळखच नव्हती! जो कळ दाबील तो मालक. कॉर्बाटोंच्या चाळीतली बिऱ्हाडे मोडून प्रत्येकाला स्वतंत्र बंगला मिळाल्यावर दाराला कडी कशाला, असा हिशेब असावा. बंगल्यात कुटुंबही राहते हे करणारांच्या ध्यानात आले नाही. त्याच कंपनीच्या ऑगस्ट १९८४ मधील ए. टी. या यंत्राला मात्र पुढच्या अंगाला चक्क एक कुलूप होते, गोल नळीसारख्या किल्लीचे. किल्ली फिरवली की कळफलक मुका होई आणि यंत्राचे झाकणही उघडेनासे होई. तांत्रिकदृष्ट्या मागासलेले असेल, पण घराला कळेल असे हेच एक कुलूप संगणकाने आजवर दिले असे माझे मत आहे. किल्ली दिसते, मागता येते, देता येते, आणि देणाऱ्याला 'तासाभराने आणून दे' असे बजावताही येते.

महाराष्ट्रात संगणक घरोघर शिरू लागला तो १९९५ नंतर. त्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्य ग्राहकांना खुले केले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले यंत्र घरी येई, त्याला हळदकुंकू लागे, आणि ते बाहेरच्या खोलीत सर्वांना दिसेल असे मांडून त्यावर शिवलेला कपड्याचा झगा घालीत. घेतलेले असे मुलाच्या शिक्षणासाठी. पण त्यावर वडील पत्ते खेळत, बहीण आपले अर्ज टाईप करी, आणि आतेभाऊ गावाहून आला की त्याच्या पेनापेक्षाही त्याच्या फ्लॉपीची भीती वाटे. इंटरनेट चालू असता कोणी स्वयंपाकघरातल्या जोडफोनचा रिसीव्हर उचलला की अर्धा तास उतरवलेली फाईल एका क्षणात नाहीशी. इथे यंत्र कोणाचे? पैसे वडिलांचे, विद्या मुलाची, जागा आईच्या दिवाणखान्याची. अशा समाईक वस्तूला मुलाने कुलूप घालावे म्हणजे त्याने माजघराच्या मधोमध भिंत बांधावी तसे झाले.

आणि भिंत तरी कसली? २४ ऑगस्ट १९९५ रोजी निघालेले विंडोज ९५ आरंभी नाव आणि परवलीचा शब्द विचारी. घरच्या यंत्रावर मात्र 'रद्द' असे लिहिलेले बटण दाबले की पाहुण्याला आदराने आत घेई. तो शब्द आपापल्या पसंतीची मांडणी राखण्यासाठी होता, पहाऱ्यासाठी नव्हताच. २५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या विंडोज एक्स. पी. ने प्रत्येकाला निराळे खाते दिले, शेजारी बदकाचे किंवा फुलाचे चित्र दिले. पंगतीत प्रत्येकाला आपला पाट मिळाल्यासारखे वाटले. परंतु यंत्र बसवताना उघडलेली खाती सर्वाधिकारी असत आणि त्यांना शब्द नसे. घरगुती आवृत्तीत तर 'ॲडमिनिस्ट्रेटर' नावाचे आणखी एक खाते आड दडलेले असे, बिनकुलपाचे, आणि यंत्र 'सेफ मोड'मध्ये चालू केले की ते पुढे येई. 'सेफ' या नावाची ही थट्टाच म्हणावयाची! यांतून कोणी सगळी दारे लावलीच तर दुसऱ्या यंत्रप्रणालीची तबकडी घालून यंत्र चालू करावे, आणि दाराशी न जाता कोठारातले कागद सरळ वाचावेत. मृच्छकटिकातला शर्विलक चारुदत्ताच्या दाराशी झटापट करीत बसत नाही. जानव्याने माप घेऊन भिंतीलाच भोक पाडतो. या भोकावर उपाय एकच, साठवलेला सर्व मजकूरच गूढ लिपीत ठेवणे, म्हणजे पुन्हा पेपीसची लघुलिपी. विंडोजमध्ये ती सोय २००७ साली आली, पण महागड्या आवृत्त्यांत. घरगुती आवृत्तीला ती दिलेली नव्हती. आज तीही मिळते, आणि उठताना विंडोजची कळ व एल ही अक्षरकळ एकदम दाबली तर पडदा बंद होतो. पाहुण्यांसाठी वेगळे, बिनअधिकाराचे खाते उघडून ठेवले तर आतेभावाचीही सोय होते आणि नात्यालाही ओरखडा पडत नाही.

मग शब्द नको, अंगच दाखवा, अशी टूम निघाली. बोटाचा ठसा पाहून उघडणारे फोन २०१३ नंतर सर्रास झाले. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील सहा वर्षांच्या एका चिमुरडीने सोफ्यावर झोपलेल्या आईचा अंगठा फोनला लावून स्वतःसाठी १३ खेळणी मागवली. किंमत सुमारे २५० डॉलर. आपली फौज पाठवून जे साधले नसते ते आईच्या डुलकीने साधले. पुढच्याच वर्षी चेहरा ओळखणारा फोन निघाला. परका माणूस चेहऱ्याने फसवील ही शक्यता दहा लाखांत एक, असे कंपनीने सांगितले, पण जुळी भावंडे, मिळतेजुळते दिसणारे सख्खे भाऊबहीण आणि तेरा वर्षांखालील मुले यांच्या बाबतीत हा आकडा धरू नये असेही तिनेच बजावले. 'अगदी आईच्या वळणावर गेलाय हो' हे कौतुकाचे वाक्य असे धोक्याच्या सूचनेत जाऊन बसले.

इथवर आपण हसत आलो. पण एलिझाबेथ पेपीसला विसरून चालणार नाही. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश येथील स्त्रियांच्या फोनविषयीचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. या बायकांचा फोन नवरा, मुले, सासू, दीर यांच्या हाती दिवसभर फिरत असतो, आणि तो नाकारणे घरात शोभत नाही. म्हणून त्या पूर्ण फोनला कुलूप घालण्यापेक्षा त्यातल्या एखाद्याच कप्प्याला घालतात, निवडक निरोप आणि छायाचित्रे पुसतात, किंवा पाहिल्याची खूण न ठेवणारी खिडकी उघडून मग पाहतात. म्हणजे किल्ली कमरेला नाही, पण राख सारखी करून ठेवण्याची कला जुनीच. पेटीतली माहेरची पत्रे वाचून लगेच चुलीत घालणारी एखादी पणजी हिला सहज ओळखील.

कायद्यापुरते बोलावयाचे तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील ४३ वे कलम, मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीवाचून संगणकात शिरणाऱ्याला भरपाईस पात्र ठरवते, आणि त्यात नातेवाइकांसाठी अपवाद घातलेला नाही. दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरला तर २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंतची कैदही होऊ शकते. अर्थात भावाने भावाचा खेळ पुढे नेऊन ठेवला म्हणून कोणी कोर्टात जात नाही, जाऊही नये. याहून महत्त्वाचे ते २४ ऑगस्ट २०१७ चे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने ठरवले की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. अर्ज केला होता कर्नाटकातील निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी. प्रमुख निकालपत्रांपैकी एक न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे. त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड १९७६ साली आणीबाणीतील जबलपूरच्या खटल्यात ज्या बहुमतात होते, ते मत सदोष होते असे या मुलाने आपल्या निकालपत्रात स्पष्ट लिहिले. चंद्रचूड घराणे पुणे जिल्ह्यातले. बापाच्या कागदांना हात लावताना मुलाने किती आदर आणि किती निर्धार राखावा याचा, माझ्या मते, हा मराठी घरातला अलीकडचा मोठा प्रसंग.

तो अधिकार सरकारपुढे मागावयाचा. सासऱ्यापुढे तो कसा मागावा हे न्यायालय सांगू शकत नाही. ज्या घरांत हे सुरळीत चालते ती मी पाहिली आहेत. तिथे प्रत्येकाचे खाते वेगळे असते, आईचेही, जिला बातम्या आणि भजनांखेरीज काही पाहावयाचे नसते. कुलूप सगळ्यांना असले म्हणजे ते कोणा एकाविरुद्ध आहे असे वाटत नाही. जिथे एकट्यानेच घातलेले असते तिथे मात्र तो पडदा दिवसभर पंगतीला बसतो.

आता कुलपे इतकी पक्की झाली आहेत की अडचण दुसऱ्या टोकाने उभी राहिली. मालक गेला की छायाचित्रे, हिशेब, पत्रे सगळी आत आणि सारे घर बाहेर. पेपीसची लिपी तीन वर्षांत उलगडली. ही उलगडणारी नव्हे. एप्रिल २०१३ पासून गूगलने, आपले खाते बरेच महिने न वापरलेले दिसले तर कोणाला कळवावे आणि काय द्यावे हे आधी लिहून ठेवण्याची सोय केली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ॲपलने वारस नेमण्याची. आमच्या परिचयातील एका निवृत्त गणितशिक्षकांनी या दोन्ही सोयी बाजूला ठेवून आपले परवलीचे शब्द मोडीत, बोरूने, एका कागदावर लिहिले आणि लिफाफा बंद करून लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवला. किल्ली वर्तमानपत्राखालीच आहे. घरात मोडी वाचता येते ती फक्त त्यांच्या नातीला; गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनीच ती तिला शिकवली.